बादलीचा थर आणि माराकेशची भिंत

ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्यांना हे सांगायला नको: साबण कितीही चोळा, फेस येत नाही आणि चार दिवसांत बादलीला आतून पांढरट, चिकट थर धरतो. पाण्यातलं कॅल्शियम साबणातल्या मेदाम्लांशी जोडलं जातं आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. आपण तो घासून घासून वैतागतो. मोरोक्कोतल्या माराकेशचे गवंडी तोच साका मुद्दाम भिंतीवर चढवतात.

या गिलाव्याचं नाव तादेलाक्त. चुन्याचा गिलावा जरा आवळला, की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने तो घोटायचा. मग ऑलिव्ह तेलाचा काळा साबण लावून पुन्हा घोटायचा. चुन्यात कॅल्शियमला काय तोटा! साबण लागताच वरच्या बारीक छिद्रांत साका भरतो आणि पाणी आत शिरत नाही. हमामच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरांच्या, भिंती याच गिलाव्याच्या. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा हळूहळू दगड होत जातो.

‘मोरोक्कन लुक’ म्हणून आपल्याकडे जाळीचे कंदील आणि रंगीत टाइल्स खपतात. मला त्यात फारसा राम वाटत नाही. खरी गंमत आहे ती रियादमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या चौकाच्या घरात. रियाद या शब्दाचा अर्थच बाग. रस्त्याकडे कोरी भिंत, आणि सगळ्या खोल्या आपल्या वाड्यासारख्या मधल्या चौकाकडे तोंड करून. रात्री निरभ्र आकाशाखाली गच्ची आणि चौक आपली उष्णता वर सोडून देतात. गार हवा जड, ती चौकात उतरून साठते. जाड भिंतीही रात्रीत निवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन आत येऊ देत नाहीत. मधल्या कारंज्यातलं 1 लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. तेवढ्यात सात लिटर पाण्याला उकळी आली असती. हे चालतं ते कोरड्या हवेत. नागपूरला मे महिन्यात कूलर चालतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट होतो, त्यातलाच प्रकार.

फ्लॅटमध्ये चौक कुठून आणणार? पण न्हाणीघराची एक भिंत तादेलाक्तची करता येते. फक्त धुणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा: लिंबू, व्हिनेगर, टाइल्सचं अ‍ॅसिड तिथे नको. बादलीवरचा थर ज्याने सुटतो, त्यानेच ही भिंतही खाल्ली जाते.