सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

संगणकावरचे ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर क्लाउडला जोडले आणि फाइलींच्या नावांपुढे हिरवी खूण दिसू लागली, की आपली कागदपत्रे सुरक्षित झाली असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. हार्ड डिस्क बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर पाणी सांडले, तर त्या फाइली नव्या संगणकावर पुन्हा उतरवून घेता येतात, यात शंका नाही. पण आपल्याच हातून एखादे फोल्डर पुसले गेले किंवा एखाद्या प्रोग्रॅमने शेकडो फाइली बिघडवल्या, तर तो बिघाडही तितक्याच तत्परतेने क्लाउडमध्ये आणि तिथून आपल्या प्रत्येक उपकरणात पोहोचतो. हिरवी खूण एवढेच सांगते, की इथली आणि तिथली प्रत सारखी आहे. ती प्रत धड आहे की नाही, हे सांगणे तिचे काम नव्हे.

दोन किंवा अधिक ठिकाणच्या प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवणे हे सिंकचे काम. बॅकअपचे काम जवळजवळ उलट आहे: आजच्या प्रतीशी न जुळणारी, कालची, गेल्या आठवड्यातली, सहा महिन्यांपूर्वीची प्रत मुद्दाम वेगळी जपून ठेवणे. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनीही या दोन कामांची सरमिसळ करून ठेवली आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर्स वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेला जोडण्याच्या सोयीला चक्क बॅकअप म्हटले जाते. प्रत्यक्षात तिथे फोल्डरची वेगळी नक्कल होत नाही, तर मूळ फोल्डरच वनड्राइव्हच्या आवारात हलवले जाते. म्हणूनच ही सोय बंद केल्यावर डेस्कटॉप अचानक रिकामा दिसून अनेकांच्या छातीत धस्स होते. फाइली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात.

सिंकचे काम वरवर पाहता सोपे वाटते. संगणकावरच्या फाइलींची यादी घ्यायची, सर्व्हरवरची, म्हणजे क्लाउड सेवेच्या संगणकावरची, यादी घ्यायची आणि जिथे जे कमी असेल ते भरायचे. पण समजा, ‘प्रबंध’ नावाची फाइल सर्व्हरवर आहे आणि संगणकावर नाही. याचा अर्थ काय लावायचा? ती दुसऱ्या उपकरणावरून नव्याने आली असून इथे उतरवायची राहिली आहे, की ती इथे होती आणि मालकाने पुसून टाकली? दोन्ही प्रसंगांत दोन्ही याद्या अक्षरशः सारख्याच दिसतात, आणि करायची कृती मात्र परस्परविरुद्ध असते: पहिल्या प्रसंगी फाइल इथे आणायची, दुसऱ्या प्रसंगी तिथलीही पुसायची. केवळ आजची स्थिती पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळूच शकत नाही. म्हणून दोन्ही दिशांनी सिंक करणारा प्रोग्रॅम तिसरी एक नोंद स्वतःजवळ बाळगतो, आणि ती म्हणजे मागच्या वेळी दोन्ही बाजू जुळल्या होत्या तेव्हा तिथे काय काय होते याची. त्या नोंदीत ‘प्रबंध’ असेल तर ती फाइल नंतर पुसली गेली आहे. नसेल तर ती नवी आहे.

वापरकर्त्याला ही तिसरी नोंद कधीच दिसत नाही, पण चमत्कारिक वाटणाऱ्या अनेक घोळांचे मूळ तिच्यात असते. प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला किंवा त्याचा अंतर्गत डेटाबेस खराब झाला, की मागची स्मृती पुसली जाते. अशा वेळी सावध प्रोग्रॅम दोन्हीकडचे सगळेच राखून ठेवण्याकडे झुकतो, आणि महिन्यापूर्वी पुसलेल्या फाइली पुन्हा अवतरतात. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. सिंक केलेले फोल्डर बाहेरच्या डिस्कवर असेल आणि ती डिस्क जोडलेली नसेल, तर प्रोग्रॅमला तिथे काहीच दिसत नाही, आणि नोंदीत मात्र हजारो फाइली असतात. भोळसट प्रोग्रॅम याचा अर्थ ‘मालकाने सगळे पुसले’ असा लावून सर्व्हरवरच्या फाइलीही काढून टाकील. सिंकथिंग या मुक्त प्रोग्रॅमने यावर साधा उपाय योजला आहे. तो प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःची एक छोटी खूण ठेवतो आणि ती खूण सापडली नाही तर काहीही न पुसता थांबतो. नीटनेटकेपणाच्या हौसेने ती अनोळखी खूण काढून टाकणारे लोक आपल्याच रक्षकाला घराबाहेर काढत असतात.

दुसरी अडचण एकाच फाइलीत दोन ठिकाणी झालेल्या बदलांची. इंटरनेट नसताना लॅपटॉपवर एक परिच्छेद बदलला आणि त्याच दरम्यान दुसऱ्या संगणकावर त्याच फाइलीत वेगळी भर घातली, तर ग्राह्य कोणते धरायचे? घड्याळ पाहून नंतरचे ठेवावे, हे उत्तर चटकन सुचते; पण दोन उपकरणांची घड्याळे पुढेमागे असू शकतात, आणि तसे नसले तरी नंतरचा बदल ठेवताना आधीच्या बदलातली मेहनत वाया जाते. वेगवेगळ्या संगणकांवरच्या घटनांचा क्रम केवळ घड्याळावर विसंबून ठरवू नये, तर कोणत्या घटनेचा परिणाम कोणत्या घटनेपर्यंत पोहोचू शकला असता ते पाहावे, असा विचार संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडला. त्या दृष्टीने पाहिले, तर एकमेकांची खबर नसताना झालेल्या या दोन बदलांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे काही नसतेच. अनेक सिंक सेवा म्हणूनच अशा वेळी दोन्ही प्रती ठेवतात आणि एकीच्या नावात उपकरणाचे नाव किंवा तारीख घालतात. फोल्डरमध्ये अशी दुहेरी फाइल दिसली, तर ती कचरा समजून पुसण्यापूर्वी उघडून पाहावी. त्यात एखाद्या दिवसाचे काम असू शकते.

बदललेली फाइल पूर्णच्या पूर्ण वर पाठवणे हा वेळेचा आणि डेटाचा अपव्यय असतो. ही अडचण १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक या प्रोग्रॅमने सोडवली. जुनी प्रत असलेली बाजू तिचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातल्या बाइटांवरून काढलेली छोटी बेरीज दुसऱ्या बाजूला कळवते. दुसरी बाजू नव्या फाइलीवर तेवढ्याच लांबीची खिडकी एकेका बाइटने पुढे सरकवत जाते आणि कुठे जुना तुकडा जुळतो का ते पाहते; खिडकी सरकताना बाहेर पडणारा बाइट वजा करून आत येणारा मिळवला की नवी बेरीज तयार होते, त्यामुळे हे काम झटपट होते. असे सरकणे आवश्यक असते, कारण फाइलीच्या सुरुवातीला एक शब्द घातला तरी पुढचा सगळा मजकूर थोडा पुढे ढकलला जातो आणि ठरावीक जागी पाडलेले तुकडे एकही जुळत नाहीत. आजच्या सेवांनी हा विचार आपापल्या परीने वापरला आहे. ड्रॉपबॉक्स फाइलीचे ४ मेगाबाइटपर्यंतचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने २५६ बिटांची ओळख काढते, आणि जी ओळख सर्व्हरकडे आधीच आहे तो तुकडा पुन्हा पाठवत नाही. मात्र पासवर्ड घालून आकुंचित केलेल्या फाइलीत एक ओळ बदलली, तरी तिचा बराचसा भाग नव्यासारखा दिसतो आणि तो सगळा वर जातो.

एकदा वर पोहोचलेल्या फाइली मात्र खरोखरच भक्कम हातांत असतात. २००६ मध्ये सुरू झालेली ॲमेझॉनची एस-३ साठवण सेवा वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा गृहीत धरून रचलेली आहे. म्हणजे एक कोटी फाइली ठेवल्या, तर सरासरी दहा हजार वर्षांत एक गमवावी लागेल. हे साधते, कारण कोणतीही फाइल एकाच डिस्कवर ठेवलेली नसते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीने फाइलीचे तुकडे आणि त्यांच्यापासून गणिताने काढलेले जादा तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर पसरता येतात. बॅकब्लेझ या कंपनीने आपल्या रचनेत २० यंत्रांवर १७ मूळ आणि ३ जादा तुकडे ठेवले. कोणतेही तीन तुकडे गेले तरी उरलेल्या सतरांतून फाइल जशीच्या तशी उभी राहते. पण हे सारे गणित डिस्क मोडण्याविरुद्धचे आहे. मालकाच्या खात्यातून पुसण्याची आज्ञा आली, की ती वीसही यंत्रे ती निमूटपणे पाळतात. शिवाय क्लाउड म्हणजे शेवटी कुठेतरी उभी असलेली इमारतच: १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्या ग्राहकांची दुसरी प्रत इतरत्र नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला.

सिंक सेवांना पुसण्यातला हा धोका ठाऊक आहे, म्हणून त्या पुसलेल्या फाइली आणि जुन्या आवृत्त्या काही काळ राखतात. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, आणि ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही मुदत तेवढीच असते. कालच पुसलेल्या फाइलीसाठी ही सोय उत्तम आहे, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, संगणकात शिरला तरी ती कामी येते. सिंकच्या नजरेत असा हल्ला म्हणजे मालकाने एका रात्रीत हजारो फाइली संपादित केल्यासारखाच असतो. सिंक प्रोग्रॅम त्या कुलूपबंद फाइली इमानेइतबारे वर पाठवतो, पण आदल्या दिवशीच्या आवृत्त्या सर्व्हरवर शिल्लक राहतात आणि त्या परत मागवता येतात. खरी अडचण लक्षात न आलेल्या नुकसानीची आहे. सहा वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांचे फोल्डर चुकून पुसले गेले, तर ते नाहीसे झाल्याचे कळायलाच वर्ष उलटते, आणि तोवर ३० दिवसांची मुदत कधीच संपलेली असते.

कोणती फोल्डर्स सिंक करू नयेत, हेही ठरवावे लागते. लिखाण, हिशेबाचे तक्ते, छायाचित्रे यांना अडचण नसते. पण सतत उघडा असणारा डेटाबेस, ईमेलचा मोठा साठा किंवा आभासी यंत्राची, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाची, डिस्क यांचे तसे नाही. एसक्यूलाइट हा सर्वत्र वापरला जाणारा डेटाबेस बहुतेकदा मुख्य फाइलीशेजारी एक तात्पुरती नोंदवही ठेवतो आणि पद्धतीनुसार बदलापूर्वीचा मजकूर किंवा ताजे बदल आधी तिच्यात लिहितो. सिंक प्रोग्रॅमने मुख्य फाइल एका क्षणी आणि नोंदवही दुसऱ्या क्षणी उचलली, तर वर पोहोचलेली जोडी प्रत्यक्षात कधीच एकत्र अस्तित्वात नव्हती, आणि ती उघडल्यावर डेटाबेस बिघडलेला निघू शकतो. चांगले बॅकअप प्रोग्रॅम हे टाळण्यासाठी विंडोजमधल्या शॅडो कॉपीसारख्या सोयीने संपूर्ण डिस्कचे एका क्षणाचे चित्र गोठवतात आणि त्यातून प्रती घेतात. एकाच फोल्डरवर दोन सिंक सेवा लावण्याचा मोहही आवरावा, कारण दोघी एकमेकींच्या कामाला मालकाचे बदल समजू लागतात.

जागा वाचवणाऱ्या सोयीचा सापळा त्याहून छुपा आहे. वनड्राइव्हमध्ये २०१७ पासून फाइल संगणकावर नुसत्या नावाने दिसू शकते आणि तिच्यातला मजकूर उघडल्यावरच खाली उतरतो. नावापुढे ढगाचे चिन्ह असेल, तर ती फाइल त्या संगणकावर नाही, असे समजावे. अशा फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेताना प्रोग्रॅमने मजकूर खाली उतरवला नाही, तर डिस्कवर नावांचा सांगाडा तेवढा जातो. महत्त्वाचे फोल्डर ‘नेहमी या उपकरणावर ठेवा’ असे निवडूनच बॅकअपला लावणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरगुती संगणकालाही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्या मते सामान्य वापरकर्त्याने सिंक सोडण्याचे कारण नाही. संगणकावरची चालू प्रत आणि क्लाउडमधली जुळती प्रत या दोहोंच्या जोडीला बाहेरच्या डिस्कवर आवृत्त्या राखणारा बॅकअप ठेवला की काम भागते. मॅकवरचे टाइम मशीन शेवटच्या २४ तासांचे तासागणिक, महिनाभराचे दिवसागणिक आणि त्यामागचे आठवड्यागणिक बॅकअप डिस्क भरेपर्यंत राखते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरीची सोय आहे. ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, नाहीतर रॅन्समवेअर तिलाही गाठते.

ज्यांना बॅकअपही क्लाउडमध्येच हवा आहे, त्यांनी आधी गणित करावे. ५०० गिगाबाइट डेटा सेकंदाला १० मेगाबिट वेगाने वर पाठवायला चार लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि अनेक जोडण्यांवर वर पाठवण्याचा वेग खाली उतरवण्यापेक्षा बराच कमी असतो. ही वाट पहिल्या वेळेपुरतीच आहे. पुढे बदललेले तुकडेच जातात.

बॅकअप परत उतरवून पाहिलेला नसेल, तर तो आहे असे धरू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमांचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप कित्येक दिवस तयारच होत नव्हते, हे उघडकीस आले. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावले. घरच्या घरी ही चाचणी सोपी आहे: तीन महिन्यांपूर्वीची एखादी फाइल निवडावी आणि ती आपल्या नेहमीच्या संगणकाला हात न लावता दुसऱ्या संगणकावर मिळवून उघडावी. या खटाटोपात बहुधा फाइलीपेक्षा किल्लीच अडते. एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक कुलूप, असलेल्या बॅकअपचा पासवर्ड त्याच संगणकावरच्या एका फाइलीत असतो, आणि क्लाउड खात्यात शिरण्याचा सांकेतिक क्रमांक जातो तो लॅपटॉपबरोबरच हरवलेल्या फोनवर. तो पासवर्ड आणि खात्याचे आणीबाणीचे क्रमांक कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवावेत, आणि चाचणी त्या कागदावरूनच करावी.