३१.३७ वर थांबलेला रुपया आणि त्याच्या मागची गोष्ट

१ मार्च १९९३ ला रुपया बाजारावर सोडला, म्हणजे डॉलरचा भाव सरकारने न ठरवता मागणी-पुरवठ्यावर ठरू दिला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तारीख बरोबर आहे, पण त्यानंतर काय झालं ते बघा. थोड्याच दिवसांत डॉलर ३१ रुपये ३७ पैशांवर येऊन बसला आणि पुढची दोन वर्षं आणि वर काही महिने तिथेच बसून राहिला, जवळजवळ पैसुद्धा हलला नाही. सोडलेली वस्तू इतका वेळ एका जागी राहते का? हा ३१.३७ नीट समजला की नंतरच्या तीस वर्षांतले सगळे वाद समजायला सोपे जातात असं माझं मत आहे, म्हणून या टिपणात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मागचं थोडक्यात. इंग्रजांच्या काळात १९२७ ला रुपया १८ पेनीला बांधला तेव्हा मुंबईचे गिरणीमालक १६ पेनी मागत होते, कारण रुपया महाग ठेवला की मँचेस्टरचं कापड इथे स्वस्त पडतं. भांडण तेव्हाही हेच होतं, भाव कोणाच्या सोयीचा ठेवायचा. मग १९४९ ला पाउंडाबरोबर आपणही खाली आलो, डॉलर ३.३० चा ४.७६ झाला. आणि ६ जून १९६६ ला एका दिवसात ४.७६ चा ७.५०. या शेवटच्या आकड्यावर लोक अजून भांडतात, कोणी ३६.५ टक्के अवमूल्यन म्हणतं, कोणी ५७.५ टक्के, आणि दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत डॉलरमध्ये मोजली तर ३६.५ टक्के कमी झाली, डॉलरची किंमत रुपयात मोजली तर ५७.५ टक्के वाढली. त्या अवमूल्यनाने सरकारचं राजकीय नुकसान एवढं झालं की नंतर पंचवीस वर्षं तो शब्द दिल्लीत कोणी तोंडातून काढला नाही. आखातातल्या ज्या प्रदेशांत तोवर आपलाच छापलेला वेगळा रुपया चालायचा त्यातल्या बहुतेकांनीही त्याच वर्षी तो सोडला. १९७५ ला पाउंडाची दोरी सोडून अनेक चलनांच्या टोपलीला रुपया बांधला, आणि ऐंशीच्या दशकात तो हळूहळू खाली सरकवत नेला, १९८५-८६ ला डॉलर साधारण १२ रुपये होता तो १९९०-९१ ला १८ च्या जवळ. म्हणजे अवमूल्यन झालंच, फक्त रोज थोडं थोडं, आणि त्याला नाव दिलं नाही.

१९९१ सगळ्यांना माहीत आहे. आखाती युद्धामुळे तेल महाग झालं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी बाहेर जायला लागल्या, परकीय चलनाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते पैसे उरले. मे महिन्यात जप्त केलेलं २० टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर विकलं आणि जुलैत आणखी साधारण ४७ टन मुंबईहून विमानाने लंडनला गहाण गेलं. रुपया १ जुलैला आणि ३ जुलैला असा दोन टप्प्यांत मिळून १८-१९ टक्के खाली आणला, डॉलर २१ चा जवळपास २६ झाला. पहिला टप्पा म्हणजे चाचणी होती, लोक किती ओरडतात ते बघायला. दुसरा टप्पा थांबवा असा निरोप दिल्लीहून मुंबईला पोचला तोपर्यंत नवा भाव जाहीर होऊन गेला होता, हे त्यात असलेल्यांनी नंतर सांगितलं आहे.

तिथून १९९३ पर्यंत मध्ये एक वर्षाची पायरी होती आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. मार्च १९९२ पासून दोन भाव चालू झाले. बाहेरून आलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमधले ४० सरकारी भावाने द्यायचे, उरलेले ६० बाजारभावाने विकायचे. सरकारी भाव २६ च्या आसपास, बाजारातला ३० च्या आसपास. म्हणजे हजार डॉलर आणणाऱ्याला सगळे बाजारभावाने मिळाले असते तर ३०,००० मिळाले असते, त्याऐवजी साधारण २८,४०० मिळायचे. मधले सोळाशे कुठे गेले, तर कच्चं तेल, खत, जीवनावश्यक औषधं यांच्या आयातीला स्वस्त डॉलर देण्यात. तो एक करच होता, फक्त कुठल्याही बजेटमध्ये कर म्हणून लिहिलेला नाही, आणि तो भरत होते निर्यातदार आणि आखातात राबणारी पोरं.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावातल्या बँकेत काउंटरला होतो. गावात घराआड एक माणूस कुवेतला नाहीतर बहारीनला, पण आमच्याकडे येणारे ड्राफ्ट मात्र मोजके, कारण पैसा घरपोच यायचा, कोणीतरी संध्याकाळी येऊन नोटा देऊन जायचा आणि भाव बँकेपेक्षा चांगला. त्याच हवालाच्या पैशातून तिकडे सोनं खरेदी व्हायचं आणि ते कोकणाच्या किनाऱ्यावर उतरायचं, हे त्या पट्ट्यात लहान मुलालाही ठाऊक होतं. १९९२ ला परदेशातून येणाऱ्याला ५ किलोपर्यंत सोनं ड्युटी भरून कायदेशीर आणायची मुभा मिळाली आणि पुढच्या मार्चला दोन भावांचा एक भाव झाला, तशी त्या संध्याकाळच्या माणसाची गरज कमी झाली. आमच्या काउंटरला ड्राफ्टची थप्पी लागायला लागली, वर्षभरात रजिस्टर बदलावं लागलं. देशाच्या आकड्यांत हेच दिसतं, परदेशातल्या लोकांनी पाठवलेला पैसा १९९०-९१ ला २ अब्ज डॉलरच्या आसपास होता तो १९९४-९५ ला ८ अब्जांवर गेला. हे सगळे डॉलर चार वर्षांत नव्याने कमावलेले नव्हते, बरेचसे आधीही येतच होते, फक्त बँकेच्या दाराने येत नव्हते.

आता ३१.३७. एक भाव झाला, सप्टेंबर १९९२ पासून परदेशी गुंतवणूक संस्थांना शेअर बाजार उघडला होता, मोठ्या कंपन्या परदेशात भांडवल उभं करत होत्या, त्यात वरचे हे ड्राफ्ट. डॉलरचा लोंढा आला. खरंच बाजारावर सोडला असता तर रुपया वधारला असता, डॉलर ३० ला किंवा त्याखाली आला असता. रिझर्व्ह बँकेने तसं होऊ दिलं नाही, येईल तो डॉलर ३१.३७ ला विकत घेतला. मार्च १९९३ ला सोन्यासकट सगळी गंगाजळी १० अब्ज डॉलरच्या आत होती, मार्च १९९५ ला २५ अब्जांवर.

याच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात तथ्य आहे. दीडच वर्षापूर्वी सोनं गहाण टाकलेला देश, तो मिळेल तो डॉलर साठवणारच. नुकतीच मान वर काढलेली निर्यात महाग रुपयाने मारायची का? आणि आपल्याकडची महागाई अमेरिकेपेक्षा बरीच जास्त असताना डॉलरचा भाव आहे तिथेच राहिला तरी खऱ्या अर्थाने रुपया महागच होत होता, म्हणजे आपला माल बाहेरच्यांना महाग पडत होता, मग आणखी वर कशाला जाऊ द्यायचा.

पण डॉलर विकत घ्यायचा तर रुपये द्यावे लागतात आणि ते नव्याने निर्माण होतात. ते बाजारातून परत ओढून घ्यायचे तर सरकारी रोखे विकायला हवेत, आणि तेव्हा रोख्यांचा धड बाजारच नव्हता, बँकांना सक्तीने घ्यावे लागायचे म्हणून त्या घ्यायच्या. शिवाय त्यात तोटा ठरलेला, अमेरिकेत ठेवलेल्या डॉलरवर तेव्हा तीन-साडेतीन टक्के मिळायचे आणि इथे रोख्यांवर बारा-तेरा टक्के द्यावे लागायचे. त्यामुळे थोडंच ओढून घेतलं, बाकी पैसा तसाच फिरत राहिला. १९९४ ला बँकांचं रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, १४ वरून १५ टक्क्यांवर नेलं, पण पुरलं नाही. महागाई दोन अंकी झाली. साखर, तेल, डाळ, कापूस, सगळंच चढलं, त्या काळात घर चालवलेल्या कोणालाही विचारा.

एकोणीसशे साठच्या दशकात दोन अर्थतज्ज्ञांच्या कामातून जे पुढे आलं ते हेच. विनिमय दर बांधलेला, भांडवलाला दार उघडं आणि व्याजदर आपल्या हातात, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, एक सोडावी लागते. पुस्तकात हे त्रिकोण काढून शिकवतात. आपल्याला ते १९९४ ला किराणा दुकानात कळलं. माझं म्हणणं इतकंच आहे की १९९३ ला डॉलर घेणं बरोबर होतं, पण १९९४ च्या मध्यापर्यंत गंगाजळी बरी झाल्यावर भाव हलू द्यायला हवा होता, रुपया थोडा वधारला असता तर तेल आणि खाद्यतेल स्वस्त आलं असतं. निर्यातदारांची बाजू मांडायला संघटना होत्या, महिन्याच्या पगारात भागवणाऱ्यांची कोणी मांडली नाही. त्या काळात निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांनी नंतर गंगाजळीचा आकडा अभिमानाने सांगितला आणि महागाईचा ओझरता, मला हे अजून खटकतं.

३१.३७ चा शेवट या निर्णय घेणाऱ्यांनी केला नाही, तो बाहेरून झाला. डिसेंबर १९९४ ला मेक्सिकोचा पेसो कोसळला, आपल्यासारख्या देशांकडे येणारा पैसा आटला, इकडे आयात वाढलेली. ऑगस्ट-सप्टेंबर १९९५ ला ३१.३७ सुटला, ऑक्टोबरपर्यंत ३५, फेब्रुवारी १९९६ ला ३८ च्या आसपास. मग उलटं काम, डॉलर विकणं, पैसा आवळणं, व्याजदर वर. सव्वादोन-अडीच वर्षं एकही पैसा न हलल्यामुळे कंपन्यांनी परदेशी कर्जावर विमा काढल्यासारखं पुढच्या तारखेचं डॉलर बुकिंगच केलं नव्हतं, त्यांची झोप उडाली.

त्यानंतरच्या घटना पटापट येतात. चालू खात्यावर, म्हणजे आयात-निर्यात आणि रोजच्या देण्याघेण्यासाठी, रुपया ऑगस्ट १९९४ ला मोकळा झालाच होता, भांडवली खातंही, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जाचा पैसा, उघडायचा आराखडा १९९७ च्या मध्याला तयार झाला आणि त्याच जुलैत थायलंडचं चलन बुडालं. आराखडा फाइलीत गेला, बरं झालं. १९९८ ला पोखरणनंतर निर्बंध आले तेव्हा अनिवासी भारतीयांकडून रोख्यांतून ४ अब्जांवर डॉलर गोळा केले. २००४ पासून डॉलर खरेदीतून तयार झालेला रुपया परत ओढण्यासाठी खास रोखे काढायची योजना आली, म्हणजे १९९४ ला जे हत्यार नव्हतं ते दहा वर्षांनी बनवलं, आणि त्याच्या व्याजाचा बोजा निदान बजेटमध्ये दिसायला लागला. २००७ ला तरीही लोंढा इतका होता की डॉलर ४० च्या खाली आला, नाशिकचे द्राक्षवाले आणि सोलापूरचे टॉवेलवाले तेव्हा हवालदिल झाले होते.

मग २०१३. मे महिन्यात अमेरिकेने पैसा छापणं कमी करू असं नुसतं म्हटलं आणि आपल्याकडे चालू खात्यावरची तूट मोठी, महागाई मोठी, त्यामुळे ५५ च्या आसपासचा डॉलर २८ ऑगस्टला ६८.८० च्या वर. जुलैच्या मध्याला बँकांना लागणाऱ्या तातडीच्या पैशाचा दर एकदम १०.२५ टक्के केला, सोन्यावरची ड्युटी १० टक्के केली, आणि सप्टेंबरपासून अनिवासी ठेवींचे डॉलर रुपयांत बदलून घेण्याची बँकांना सवलत देऊन २६ अब्ज डॉलर आणले. रुपया वाचवायला व्याजदर चढवला, त्याचा फटका देशातल्या कर्जदाराला बसला, पुन्हा तोच त्रिकोण. २०१६ ला कायद्यात ४ टक्के महागाईचं उद्दिष्ट आलं, दोन टक्के वर-खाली, आणि आता विनिमय दराला कुठलंही लक्ष्य नाही, फक्त फार हेलकावे येऊ द्यायचे नाहीत, अशी अधिकृत भूमिका झाली.

या ‘फार हेलकावे’ शब्दांत किती काय बसतं यावरून २०२३ च्या शेवटी वाद झाला. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळातल्या रुपयाला तरंगता (बाजारावर सोडलेला) म्हणायचं बंद करून ‘स्थिर ठेवलेला’ असा शेरा दिला, कारण तो ८१ ते ८३ च्या पट्ट्यात जवळपास खिळून होता. भारताने हे मान्य नाही असं त्याच अहवालात नोंदवलं. १९९३-९५ ची आठवण असलेल्याला ते वाचताना वेगळं काही वाटलं नसेल. फरक गंगाजळीचा होता, सप्टेंबर २०२४ ला ती ७०० अब्ज डॉलरच्या वर होती. त्यानंतर दोर सैल सोडला गेला आणि नोव्हेंबर २०२५ ला तोच शेरा बदलून ‘सरकत जाणारा’ असा झाला.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात डॉलरने ९० ओलांडले. २०१३ ला अशा वेळी व्याजदर चढवला होता, यावेळी दोनच दिवसांनी तो पाव टक्क्याने कमी करून ५.२५ केला, कारण ऑक्टोबरची महागाई पाव टक्क्यावर आली होती. म्हणजे त्रिकोणातला व्याजदराचा कोपरा हातात ठेवला आणि भावाचा सोडला, १९९४ ला जे केलं नाही ते.