हरळी (दूर्वा)

हरळी म्हणजेच दूर्वा, कन्नडमध्ये गरिके, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं उसात उगवली की ती हरळी आणि गणपतीपुढं ठेवली की दूर्वा, त्यामुळं जिला शिव्या घालत खुरपतोय तीच औषधी आहे हे बऱ्याच पोरांना ठाऊकच नसतंय. वरून पेरापेराला मूळ धरत पळते, खालून मातीत कांड्या पसरतात, म्हणून कितीही खुरपा, परत येते. हरळी, लव्हाळा, कुंदा हे शेतकऱ्याचे जुने वैरी (हा कुंदा गवतातला, बेळगावची मिठाई नव्हे).

आयुर्वेदात दूर्वा थंड, चवीला तुरट-गोड मानलीय आणि मुख्य वापर रक्तपित्तावर, म्हणजे नाकातून किंवा आणखी कुठून रक्त जात असेल तर. उन्हाळ्यात घोळणा फुटला की दूर्वा ठेचून रसाचे दोन थेंब नाकात सोडायची जुनी रीत आहे. घामोळं, खाज, पित्त उठलं तर हळदीबरोबर वाटून लेप, नाहीतर रस खोबरेल तेलात आटवून लावायचा. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाची आग झाली, ती ऋषींनी वाहिलेल्या 21-21 दूर्वांनी शमली, या गोष्टीतही हाच थंडपणा आहे.

शुगर उतरते म्हणून सकाळी उपाशीपोटी रस पिणारे वाढलेत. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसलीय, माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे, आणि शुगरची गोळी चालू असताना वर हा रोज घेतला तर साखर जास्तच खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरना सांगूनच. काहींना हिच्या परागकणांनी शिंका, दमा होतो.

खरी भीती गवताची नाही, ते कुठनं उपटलं त्याची आहे. उसाच्या बांधावर तणनाशक मारलेलं असतंय, रस्त्याकडेला कुत्री. चतुर्थीला बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत घेतलेली जुडी देवाला चालेल, पोटात नको. नाकात कच्चा रस लहान पोरांना तर घालूच नये. घोळणा फुटला तर पुढं वाकून नाकाचा मऊ भाग 10-15 मिनिटं चिमटीत धरायचा, तरी रक्त थांबलं नाही किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर सरळ दवाखाना.

औषधाला हवीच असेल तर घरी कुंडीत लावावी, एक कांडी पुरते, फक्त कुंडीबाहेर उतरू देऊ नये.