पंचहौद चर्च (पुणे)

पंचहौद चर्च म्हणजे पुण्याच्या गुरुवार पेठेतलं 'पवित्र नाम' देवालय. नाव पडलं ते इथल्या पाण्याच्या पाच हौदांवरून. पेठेला तेव्हा वेताळ पेठ म्हणायचे. चर्च १८८५ मध्ये बांधलं, शेजारचा उंच घंटामनोरा नंतर १८९० च्या दशकात उभा राहिला, आणि त्यात इंग्लंडमधल्या लाफबरोच्या टेलर कंपनीने ओतलेल्या ८ घंटा आहेत.

मिशन चालवायचे काउलीचे फादर, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पंथातले व्रतस्थ पाद्री, आणि त्यांच्या जोडीला वाँटेज मठाच्या सिस्टर्स. पंडिता रमाबाईंची ओळख याच सिस्टर्सशी पुण्यात झाली, मग त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेजलाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनशी जोडलेले दुसरे मोठे नाव फादर नेहेम्या गोरे यांचं, हे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे, चित्पावन, काशीत शिकलेले पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. इतका मोठा शास्त्री, पण पुण्यातही आज त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि हे खरंच वाईट वाटण्यासारखं आहे.

लोकांना पंचहौद आठवतं ते चहामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना मिशनमध्ये बोलावलं, भाषण झालं, मग चहाबिस्किटं आली, कुणी प्यालं, कुणी नुसता कप हातात धरला. रानडे, टिळक, गोखले असे सगळे होते. नंतर जोशींनीच हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात एकच गदारोळ झाला. ख्रिस्त्यांकडचा चहा प्यायले म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, निघालं, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, ज्याचं त्यांच्या सुधारक मित्रांना फार वाईट वाटलं. शाळेत आपण हे शिकतो ते टिळक-रानड्यांच्या बाजूने, पण ज्यांच्या घरचा चहा विटाळ ठरला त्या पेठेतल्या ख्रिस्ती कुटुंबांना काय वाटलं असेल, हे कुणी विचारतच नाही.

बाप्तिस्म्याचा उल्लेख वाचून पंचहौद बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं असेल असं कुणाला वाटेल, पण हे चर्च मुळात बॅप्टिस्ट नाही, अँग्लिकन आहे. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, माणूस कळता झाला, स्वतः विश्वास कबूल केला की मगच, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. अँग्लिकन मात्र बाळांनाही देतात. तरी मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांत बॅप्टिस्टांचा मोठा वाटा आहे, कारण इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी बॅप्टिस्ट होता आणि त्याने श्रीरामपुरात, बंगालमधल्या बरं का, १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि उत्तर भारतातल्या काही बॅप्टिस्ट मंडळ्या एकत्र आल्या, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. आता पंचहौद याच चर्चच्या पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे.