सूक्ष्म उद्योग आणि रोजगार (नाशिक जिल्हा)

यंत्रसामग्रीतील गुंतवणूक 2.5 कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल 10 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगाला सूक्ष्म उद्योग म्हणतात. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 73 व्या फेरीनुसार (2015-16) देशातील सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांत 11.10 कोटी लोक काम करत होते. त्यांतले सुमारे 10.76 कोटी एकट्या सूक्ष्म उद्योगांत होते.

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांच्या आधाराने जॉबवर्कचे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देणारे, गाळे उभे राहिले. चलनासोबत (माल पाठवल्याच्या कागदासोबत) कच्चा माल येतो, दोन-तीन लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रांवर) टर्निंग, ड्रिलिंग होऊन सुटे भाग परत जातात. आयटीआय करून आलेल्या मुलाच्या हातात मायक्रोमीटर (सुट्या भागांचे बारीक माप घेण्याचे साधन) पहिल्यांदा पडतो तो पुष्कळदा अशाच गाळ्यात. पुढे तो मोठ्या कंपनीत गेला, तरी हात तयार झालेला असतो इथेच. हे श्रेय छोट्या मालकाच्या नावावर कुठेच जमा होत नाही.

येवल्यात चित्र निराळे. पैठणीच्या मागावर बसलेला दिसतो एक विणकर. पण रेशीम उकलायला घरातली म्हातारी माणसे, कांड्या भरायला बायका, रंगाईला आणखी कोणी, असे सगळे घर त्या एका साडीत गुंतलेले असते. हाताने विणलेली भरजरी पैठणी मागावरून उतरायला कित्येक महिने लागू शकतात. घरातल्या या कामाला वेगळी मजुरी नसते, त्यामुळे रोजगार मोजताना ते सहज निसटते. ही मोजणीतली मोठी उणीव मानली पाहिजे. मालेगावचे यंत्रमाग, नाशिकच्या तांबटांची भांडी यांवरही अनेक घरे चालतात.

या रोजगाराचा कच्चा दुवा म्हणजे थकलेली बिले. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर यायची आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करणे छोट्या मालकाला जड जाते. चार माणसांच्या गाळ्यात एक बिल अडकले की आधी मालक स्वतःचा खर्च आवरतो, मग कामगारांची उचल थांबते, आणि त्यानंतर एखाद्या हेल्परला घरी बसावे लागते.