विषाणू सगळ्यांत, आजार मोजक्यांत

पणजीच्या बाजारात आलेल्या कुठल्याही 100 मोठ्या माणसांचं रक्त तपासलं, तर नव्वदहून अधिक जणांत एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडतील. जगात सगळीकडं असंच आहे. तरीही 'मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मणक्यातल्या चेतातंतूंचं आवरण कुरतडते तो आजार) विषाणूमुळं होतो' असं कुठंतरी वाचून लोक स्वतःहून लॅबमध्ये जातात, ईबीव्हीची तपासणी करून घेतात, रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' दिसतं आणि झोप उडते. त्या कागदावरून एमएस आहे की नाही, होणार की नाही, यातलं काहीच कळत नाही. मात्र या विषाणूशिवाय एमएस होणं जवळपास अशक्य आहे, हेही आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, तेच इथं सांगायचं आहे.

विषाणू म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो, नाहीतर सत्तरी तालुक्यातला माकडताप. ताप चढतो, माणूस अंथरूण धरतो, बरा झाला की विषाणूही शरीरातून गेलेला असतो. ईबीव्ही जात नाही. तो नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, एकदा शिरला की जन्माचा सोबती. पसरतो लाळेतून. आजीनं आपल्या वाटीतली पेज त्याच चमच्यानं नातवाला भरवली, एवढंही पुरतं. लहानपणी लागण झाली तर साध्या सर्दीतापापलीकडं काही जाणवत नाही. तीच पहिली लागण पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान झाली तर घसा सुजतो, मानेत गाठी येतात, पाणथरी वाढते, थकवा कित्येक आठवडे हटत नाही. या दुखण्याला मोनोन्यूक्लिओसिस म्हणतात. ते होऊन गेलेल्यांत पुढं एमएस होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो.

हा विषाणू 1964 साली अँथनी एपस्टाइन, इव्होन बार आणि बर्ट अचाँग यांना आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाच्या पेशींत दिसला. त्या पेशी होत्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचं कूळ. ईबीव्हीचं खरं घर तेच. बी पेशीच्या पृष्ठभागावर सीडी21 नावाचं प्रथिन असतं; विषाणू त्याला चिकटून आत शिरतो.

त्यानंतर तो जे करतो ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. एरवी बी पेशीला जगायचं असेल तर दोन परवानग्या लागतात. एक, तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) खरोखरच एखादा परका रेणू सापडला पाहिजे. दुसरी, टी पेशीनं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीनं, तिला होकार दिला पाहिजे. शरीराच्या स्वतःच्याच ऊतींवर उठणाऱ्या बी पेशी या चाळणीत मरतात. ईबीव्ही दोन्ही परवानग्यांची नक्कल करतो: त्याचं एलएमपी2ए हे प्रथिन पहिल्या संदेशाचं सोंग घेतं, एलएमपी1 दुसऱ्याचं. त्यामुळं जी पेशी मरायला हवी होती ती जगू शकते, वाढते आणि स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं रक्तात फिरते. निरोगी माणसात अशा लागण झालेल्या पेशी दर दहा लाख बी पेशींमागे 1 ते 50 इतक्याच असतात. विश्रांतीत असलेली पेशी विषाणूचं एकही प्रथिन बाहेर दाखवत नाही, म्हणून टी पेशींना ती ओळखू येत नाही. असायक्लोविरसारखी औषधं इथं निरुपयोगी ठरतात तीही याच कारणानं. ती औषधं विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतानाच चालतात. झोपलेल्या विषाणूवर चालवायला त्यांच्याकडं काही नसतं.

विषाणू आणि एमएस यांच्या नात्याचा सगळ्यात बळकट पुरावा आला जानेवारी 2022 मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त ठरावीक काळानं घेऊन गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या अल्बेर्तो आस्केरियो आणि सहकाऱ्यांनी 1 कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींतून पुढं एमएस झालेले शोधले आणि त्यांचे जुने नमुने बाहेर काढले. पुरेसे नमुने असलेले 801 रुग्ण मिळाले. त्यांपैकी फक्त 35 जण पहिल्या नमुन्यात ईबीव्हीमुक्त होते आणि त्यांपैकी 34 जणांना एमएस सुरू होण्याआधी लागण झालेली दिसली. एमएस न झालेल्या गटात असे विषाणूमुक्त जे होते, त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांनाच त्या काळात लागण झाली. हिशेब केला तर लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पट वाढला. लाळेतूनही पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूनं तसा धोका वाढला नाही, म्हणजे 'कुठलाही संसर्ग झाला की होतं' हे म्हणणं टिकत नाही. चेतातंतूंची झीज झाली की न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. तेही ईबीव्हीच्या लागणीनंतरच वाढू लागलं, पहिलं लक्षण दिसण्याच्या कितीतरी आधी. पाणी कुठं मुरतंय ते वर्षानुवर्षं बाहेरून दिसत नव्हतं, असाच हा प्रकार.

पण लागण तर शेकडा नव्वदहून अधिक लोकांना होते. मग गाडी अडते कुठं?

एक धागा ओळखीच्या चुकीचा आहे. विषाणूच्या ईबीएनए1 या प्रथिनाचा एक छोटा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाच्या तुकड्यासारखा आहे. 2022 मध्येच 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात एमएस रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातून मिळालेलं एक प्रतिपिंड दोघांनाही चिकटताना दिसलं. अशी प्रतिपिंडं सुमारे पाव रुग्णांतच आढळली, त्यामुळं सगळ्या आजाराचं उत्तर एवढ्यात शोधणं घाईचं होईल. दुसरा धागा वारशाचा. एचएलए-डीआरबी1*15:01 हा जनुकप्रकार असलेल्यांत धोका साधारण तिपटीनं वाढतो. विषाणूचे तुकडे टी पेशींपुढं कोणत्या रूपात मांडले जातात, ते हीच जनुकं ठरवतात. त्याशिवाय धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा, ड जीवनसत्त्वाची कमतरता. उत्तर युरोपातल्या अनेक देशांत दर लाखामागं शंभराहून अधिक एमएस रुग्ण आहेत, भारतात हे प्रमाण बरंच कमी. 15 अंश अक्षांशावरचं गोव्याचं ऊन, बालपणीच होऊन जाणारी लागण आणि वेगळा जनुकीय वारसा ही तिन्ही कारणं त्यामागं असू शकतात.

प्रत्यक्ष घाव असा पडतो. मानेतल्या किंवा इतरत्रच्या लसिका ग्रंथींत चेतलेल्या टी पेशी रक्तातून मेंदूच्या केशवाहिन्यांपाशी येतात, भिंतीला चिकटतात आणि आत घुसतात. आत बी पेशी आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच प्रतिकारपेशी) त्यांच्यापुढं मायलिनचे तुकडे धरतात, की त्या पुन्हा पेटतात. जुन्या डागांत सीडी8 या मारक प्रकारच्या टी पेशींचीच गर्दी जास्त असते. मायलिन म्हणजे चेतातंतूवरचं स्निग्ध वेटोळं, ठरावीक अंतरावर त्यात फटी असतात आणि संदेश फटीवरून फटीवर उडी मारत जातो. पणजी-मडगाव शटल आणि दर स्टॉपला थांबणारी बस यांच्यात जो फरक, तोच इथं. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला 100 मीटरच्या आसपास धावू शकतो. मायलिन गेलं की तो रखडतो, कधी वाटेतच विझतो.

म्हणूनच उकाड्याचा त्रास. तापमान वाढलं की तंतूवरची सोडियमची दारं लवकर मिटतात, आधीच कमजोर झालेला संदेश पुढच्या फटीपर्यंत पोचत नाही. गोव्यातल्या मेच्या दमट दुपारी एमएस असलेल्या माणसाची नजर धूसर होते, पाय जड होतात, आणि गार पाण्यानं अंघोळ केली की तासाभरात पुन्हा पूर्ववत. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे 1890 मध्येच नोंदवलं होतं. हा नवा झटका नव्हे. ताप किंवा संसर्ग नसताना, नवं लक्षण 24 तासांहून अधिक टिकलं तर तो झटका. लघवीचा संसर्ग हे जुनी लक्षणं उसळण्याचं अगदी नेहमीचं कारण, म्हणून स्टेरॉइड सुरू करण्याआधी लघवी आणि साखर तपासलीच पाहिजे. झटक्यात साधारणपणे रोज 1 ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून 3 ते 5 दिवस देतात. त्यानं माणूस लवकर सावरतो, आजाराची पुढची वाट मात्र बदलत नाही.

पहिलं लक्षण पुष्कळदा डोळ्यात येतं. एक डोळा झाकून अंगणातल्या जास्वंदीकडं बघा, मग दुसरा झाकून. दृष्टीच्या चेतातंतूला सूज असेल तर त्या डोळ्याला तेच फूल फिकट, विटकरी दिसतं, आणि डोळा फिरवताना आत दुखतं. असं झालं तर चष्म्याचा नंबर बदलून घेण्यात आठवडे घालवू नयेत. नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं.

तपासण्यांत ईबीव्हीला स्थान नाही. मेंदू आणि मणक्याचा एमआरआय लागतो. पाठीतलं पाणी काढलं तर त्याच वेळी दंडातून रक्तही घ्यावं लागतं, कारण ऑलिगोक्लोनल पट्ट्या (तपासणीत दिसणाऱ्या प्रतिपिंडांच्या रेघा) पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, हे शेजारी-शेजारी ठेवूनच ठरवता येतं. नुसतं पाणी पाठवलं तर सुई टोचून घेतल्याचा निम्मा उपयोग वाया. बी12 बघावं. आणि ॲक्वापोरिन-4 व मॉग या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सेल-बेस्ड (पेशींवर केल्या जाणाऱ्या) पद्धतीनं तपासावीत, विशेषतः मणक्यातला डाग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असेल, किंवा उचकी-उलटी दिवसेंदिवस थांबत नसेल तर. ॲक्वापोरिन प्रतिपिंडांचा आजार एमएससारखाच दिसतो, पण इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं त्यात आजार चिघळवू शकतात. आपल्या देशात ही गल्लत होऊ नये म्हणून एवढ्या तपासणीवर आग्रह धरायलाच हवा.

बी पेशींचं महत्त्व सगळ्यात ठळकपणे औषधांनीच दाखवलं. पृष्ठभागावर सीडी20 हे प्रथिन असलेल्या बी पेशी पुसून टाकणारं ऑक्रेलिझुमॅब 2017 मध्ये मान्य झालं. चाचण्यांत इंटरफेरॉनच्या तुलनेत झटके 46-47 टक्क्यांनी घटले. प्रतिपिंडं ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी20 नसतं, त्या वाचतात, प्रतिपिंडंही बरीचशी टिकतात. तरी झटके घटतात. म्हणजे बी पेशींचा मुख्य उपद्रव टी पेशींना चिथावण्यात आहे. ईबीव्हीचं घरही याच पेशींत, त्यामुळं औषध विषाणूचा आसराही काढून घेतं का, हा प्रश्न संशोधकांना सतावतोय.

ऑक्रेलिझुमॅबचे पहिल्या वेळी 300 मिलिग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतरानं, मग दर सहा महिन्यांनी 600. आपल्याकडं खर्चापायी त्याच जातीचं रिटक्सिमॅबही वापरतात. आधी काविळीच्या बी विषाणूची तपासणी हवीच, आणि त्यात पृष्ठभाग प्रतिजनासोबत अँटी-एचबी कोअरही. नुसता पहिला रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून पुढं गेलं, तर यकृतात दबून बसलेला विषाणू उसळून जीवावर बेतू शकतं. निर्जीव लशी किमान दोन, जिवंत लशी चार आठवडे आधी उरकाव्यात. सलाइन सुरू झाल्यावर घसा खवखवला, अंगावर पित्त उठलं तर लगेच नर्सला सांगावं. वेग कमी केला की बहुतेकदा निभावतं. दीर्घकाळ औषध चालू असेल तर रक्तातल्या आयजीजी या मुख्य प्रतिपिंडाची पातळी बघत राहावं.

ईबीव्हीवरच्या एमआरएनए लशीच्या मानवी चाचण्या 2022 मध्ये सुरू झाल्या. विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी रुग्णाला टोचण्याचा दुसरा प्रयत्न 2023 मध्ये अपेक्षित परिणाम दाखवू शकला नाही. लस उद्या हाती आली तरी ती कोणत्या वयात द्यायची, हा पेच उरतोच. युरोपात किशोरवयापर्यंत थांबायला थोडी सवड आहे, कारण तिथं त्या वयापर्यंत बरीच मुलं विषाणूमुक्त असतात. इथं पेजेच्या चमच्याबरोबर तो पहिल्या काही वर्षांतच शिरतो, म्हणजे लस द्यायची तर पाळण्यातल्या बाळाला, आणि एमएस टळला की नाही हे कळायला त्या बाळाची तिशी उजाडावी लागेल.