लाल भोपळ्याची भाजी: चिंच-गूळ शेवटीच का?

लाल भोपळ्याची भाजी महाराष्ट्रातील बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने एकाच क्रमाने केली जाते. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांची फोडणी होते, तिच्यावर सालासकट चिरलेल्या फोडी पडतात, मीठ घालून वर पाण्याचे ताट ठेवले जाते, फोडी शिजत आल्या की चिंचेचा कोळ किंवा आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घातला जातो आणि अगदी शेवटी ओले खोबरे किंवा दाण्याचे कूट येते. गुळाचे प्रमाण घरागणिक बदलते, कोणी तिखट वाढवते, कोणी मेथीऐवजी जिरे घालते. क्रम मात्र सहसा ढळत नाही. चिंच आणि गूळ आधी घातले तर भाजी ‘मुरत’ नाही, फोडी आतून कचकचीत राहतात, हे अनुभवी हातांना ठाऊक असते. त्यामागे भोपळ्याच्या पेशींचे रसायन आहे आणि ते समजून घेतले की हीच भाजी आपल्याला हवी तशी, म्हणजे मऊ किंवा अखंड फोडींची, करता येते.

भोपळ्याच्या गरात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. एवढे पाणी असूनही कच्ची फोड कडक लागते, कारण तिच्यातील प्रत्येक पेशीभोवती भक्कम पेशीभित्तिका असते आणि शेजारशेजारच्या पेशींना पेक्टिन नावाचा पदार्थ विटांमधील सिमेंटसारखा घट्ट जोडून ठेवतो. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्टुरॉनिक आम्लाच्या असंख्य घटकांची लांबच लांब साखळी होय. जॅम किंवा मुरंबा ज्याच्यामुळे घट्ट होतो तोच हा पदार्थ. भाजी शिजते याचा मुख्य अर्थ असा की उष्णतेने या साखळ्या तुटतात, पेशींमधला सांधा सैल होतो आणि पेशी एकमेकींपासून अलगद सुट्या होऊ लागतात. डावाने दाबताच फोड मोडते ती याच अवस्थेत.

पेक्टिनची साखळी उष्णतेने किती वेगाने तुटेल हे भोवतालच्या आंबटपणावर फार अवलंबून असते. आंबटपणा सामूने (pH) मोजतात; सामू जितका कमी तितका पदार्थ आंबट. पाण्याचा सामू ७, म्हणजे उदासीन, असतो. भोपळ्याचा रस किंचित आम्लधर्मी असतो. अशा सौम्य परिस्थितीत साखळी तुटण्याची क्रिया चांगल्या गतीने चालते. चिंचेतील टार्टारिक आम्लाने किंवा आमसुलातील आम्लांनी सामू ४ च्या जवळ आणला, की हीच क्रिया अतिशय मंदावते. त्यामुळे आंबट रश्शात टाकलेल्या फोडी कितीही वेळ उकळल्या तरी हट्टाने कडक राहतात. बटाटा, गाजर आणि डाळ यांच्या बाबतीतही हेच घडते आणि म्हणूनच आमटीतसुद्धा चिंच डाळ शिजल्यावरच पडते. उलट बाजूने, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर सामू वाढतो आणि फोडी झपाट्याने मऊ होतात. मात्र भोपळ्याला सोडा कधीही घालू नये असे माझे ठाम मत आहे: फोडींचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि काही जीवनसत्त्वेही नष्ट होतात.

गुळाची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. साखर पाण्याला धरून ठेवते आणि पेशीभित्तिकेतील पेक्टिन विरघळण्याला अडथळा आणते. शिवाय गुळात कॅल्शिअम असते. गुऱ्हाळात उसाचा रस निवळताना चुन्याची निवळी वापरली जाते तिचाही त्यात वाटा असतो. कॅल्शिअमचे आयन पेक्टिनच्या दोन शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात आणि सांधा अधिक पक्का करतात. कोहळ्याचा पेठा करताना फोडी आधी चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि त्यामुळे त्या पाकात तासभर उकळल्या तरी विरघळत नाहीत, यामागे हेच तत्त्व आहे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या दुष्फेन (क्षार जास्त असलेल्या, जड) पाण्यात भाज्या उशिरा शिजतात तेही याच कारणाने. गूळ आधी घालणे म्हणजे फोडींना शिजण्यापूर्वीच बळकटी देणे ठरते. घारग्यांसाठी भोपळा गुळाबरोबरच शिजवला तरी चालतो, कारण तिथे तो बारीक किसलेला असतो आणि किसतानाच त्याच्या बऱ्याचशा पेशी फाटलेल्या असतात.

आंबट-गोडाचा हा नियम अनेकांना माहीत असतो. तापमानाची करामत मात्र तितकी परिचित नाही. वनस्पतींच्या पेशींमध्ये पेक्टिनवर काम करणारे एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) असते. ते साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विशेष सक्रिय होते आणि पेक्टिनच्या साखळीवरील मिथाइल गट काढून टाकते. मोकळ्या झालेल्या जागांवर भाजीतलेच कॅल्शिअम येऊन बसते आणि साखळ्या आणखी घट्ट बांधल्या जातात. एकदा हे घडले की नंतर कितीही उकळले तरी फोड सहजासहजी विरघळत नाही. तापमान ८० अंशांच्या पुढे गेले की हे विकर निष्क्रिय होते. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. भाजी मऊ, एकजीव हवी असेल तर फोडी कडकडीत फोडणीत टाकाव्यात, लगेच झाकण ठेवावे आणि आच सुरुवातीला बरी मोठी ठेवावी, म्हणजे हा मधला टप्पा पटकन ओलांडला जातो. पंगतीसाठी मोठ्या पातेल्यात रस्सा करायचा असेल आणि फोडी वाढेपर्यंत अखंड राहायला हव्या असतील, तर त्या हाताला चटका बसेल पण उकळणार नाही अशा गरम पाण्यात २० ते ३० मिनिटे ठेवून मग रश्शात सोडाव्यात. गार पातेल्यात मंद आचेवर सुरू केलेली भाजी कधी कधी विनाकारण कडक राहते, तिचे कारण बहुधा येथेच सापडते.

साल न काढण्याची पद्धतही विचारपूर्वक पडलेली असावी. सालीच्या पेशी जाड भित्तिकेच्या आणि गरापेक्षा कितीतरी घट्ट असतात, त्यामुळे गर पूर्ण मऊ झाला तरी फोडीचा आकार साल सांभाळते.

ताटावरच्या पाण्याविषयीही सांगायला हवे. मीठ लागताच परासरणाने फोडींमधील पाणी बाहेर येऊ लागते, आणि ९० टक्के पाणी असलेल्या भाजीला शिजण्यासाठी ते पुरेसे असते. प्रश्न उरतो तो वाफ निसटून जाण्याचा. ताटात पाणी असले की ताट १०० अंशांच्या वर जात नाही, बराच काळ त्याहून पुष्कळ थंड राहते. वाफ त्याच्या खालच्या बाजूवर आदळून पुन्हा थेंब होते आणि भाजीत परतते. भाजी करपत नाही, वरून पाणी ओतावे लागत नाही, आणि भोपळ्याची मूळ गोडी पातळ होत नाही. ताटातले पाणी नंतर लागलेच तर गरम अवस्थेत हाताशी असते, हा आणखी एक फायदा; गार पाणी ओतून भाजीचे तापमान अचानक उतरवावे लागत नाही.

आता फोडणीकडे वळू. मसाल्यांतील बहुतेक सुगंधी रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेलात सहज विरघळतात. हळदीतील कर्क्युमिन आणि मिरचीतील कॅप्सायसिन हेही तेलाचेच सोबती आहेत. त्यामुळे मसाला आधी तेलात टाकला की त्याचा स्वाद तेलात उतरतो आणि तेलाबरोबर प्रत्येक फोडीला लागतो. मोहरी तडतडते ती तिच्या आतील ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटल्यामुळे. तीच मोहरी पाण्याबरोबर फेसली असता नाकात झिणझिण्या आणते, कारण दाणा चिरडल्यावर आणि ओला झाल्यावर तिच्यातील एक विकर तिखट संयुग तयार करते. तापलेल्या तेलात ते विकर काम करण्याआधीच नष्ट होते आणि खमंगपणा तेवढा उरतो. हिंगाचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि तेलात परतल्यावर तो कांदा-लसणाच्या जवळ जातो. कांदा-लसूण न घालताही ही भाजी चवीला उणी वाटत नाही, ते मोठ्या प्रमाणावर हिंगामुळे.

भोपळा आणि मेथी ही जोडी मला सर्वांत लक्षवेधी वाटते. मेथीदाणा कडू असतो, पण त्याच्या सुगंधाचा प्रमुख घटक सोटोलॉन नावाचा रेणू आहे आणि विरळ प्रमाणात त्याचा वास जळक्या साखरेसारखा, पाकासारखा येतो. मेपल वृक्षाच्या पाकाची ओळख असलेला वासही याच रेणूचा. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून मेपल पाकाचा वास पसरत असे आणि नागरिक चक्रावून जात. अखेर २००९ मध्ये शहर प्रशासनाने जाहीर केले की शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात मेथीदाण्यांवर होणारी प्रक्रिया हे त्याचे मूळ आहे. म्हणजे भोपळ्याच्या भाजीत मेथी दुहेरी काम करते: तिचा कडवटपणा गोडीला आवर घालतो आणि तिचा गंध त्याच गोडीला खोली देतो. यासाठी मेथी लालसर होईपर्यंतच परतावी. ती काळी झाली की सुगंध जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो.

फोडणीत पडलेल्या भोपळ्याभोवतीचे तेल हळूहळू केशरी होते, हेही निरखून पाहण्यासारखे आहे. भोपळ्याचा रंग कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्यांचा असतो आणि त्यांतले सर्वांत परिचित नाव बीटा कॅरोटीन. ही द्रव्ये प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात आणि उरलेला पिवळा-केशरी रंग आपल्याला दिसतो. ती तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. आणि आतड्यात शोषली जाण्यासाठीही त्यांना स्निग्ध पदार्थांची सोबत लागते. आपले शरीर बीटा कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, पण अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून जेमतेम १ मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व मिळते असे हिशेबासाठी धरले जाते. हा विनिमय मुळातच महाग असल्यामुळे स्वयंपाकाची पद्धत महत्त्वाची ठरते. शिजवल्याने पेशी सैल होतात आणि रंगद्रव्य मोकळे होते. फोडणीचे तेल, सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असलेले ओले खोबरे किंवा जवळपास निम्मा स्निग्धांश असलेले दाण्याचे कूट त्याला शरीरात शिरण्याची वाट करून देते. वजन कमी करण्यासाठी बिनतेलाचा उकडलेला भोपळा खाणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. चमचाभर तेल वाचवताना भोपळ्याचा मोठा गुण हातचा जातो. जितका गडद केशरी गर, तितके कॅरोटिनॉइड सामान्यतः अधिक, त्यामुळे बाजारात कापलेला तुकडा घेताना रंग पाहणे योग्यच.

लाल भोपळा इतका आपला झाला आहे की ऋषिपंचमीच्या भाजीतही त्याला मानाचे स्थान आहे. पण त्याचे कूळ अमेरिका खंडातले आहे. मेक्सिकोतील वाहाका राज्यात गिला नाकिट्झ नावाच्या गुहेत सापडलेल्या भोपळावर्गीय लागवडीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच हे फळ जुन्या जगात येऊ शकले. भाजीतली मिरचीही तिकडचीच. मेथी, मोहरी, हळद आणि हिंग मात्र त्याआधीपासून आपल्या स्वयंपाकघरात होते, आणि या पाहुण्यांना त्यांनी किती नेमके सामावून घेतले याचे मला नेहमीच अप्रूप वाटते.

घरी पूर्ण भोपळा आणला असेल तर घाई करू नये. नखाने सहज ओरखडा न उठणारी कडक साल आणि सुकलेला, बुचासारखा देठ ही पक्वतेची खूण होय. असा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. त्या काळात गरातील पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर होत राहते आणि गोडी वाढते. देठ मोडू नये, कारण कूज तेथूनच शिरते. अखंड भोपळा फ्रिजमध्येही ठेवू नये. १० अंशांखालील थंडी त्याला मानवत नाही. कापल्यावर मात्र फ्रिजला पर्याय नाही.

फोडणी करण्यापूर्वी कच्च्या गराचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा, हा माझा आग्रह आहे. काकडी-दुधी-भोपळा या कुळातील वनस्पती कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू आणि विषारी द्रव्ये तयार करू शकतात. लागवडीच्या जातींमध्ये ती जवळजवळ नसतात, पण क्वचित एखाद्या वेलावर ती पुन्हा प्रकट होतात. कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे मृत्यू ओढवले आहेत आणि २०१५ मध्ये जर्मनीत घरगुती बागेत पिकलेली कडू झुकिनी (याच कुळातील काकडीसारखी फळभाजी) खाऊन एका वृद्धाचा जीव गेला. ही द्रव्ये शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. भोपळ्याच्या भाजीत धोका असा की मेथीचा कडवटपणा आपल्याला अपेक्षितच असतो, म्हणून तयार भाजी कडू लागली तरी दोष मेथीवर जाऊ शकतो. कच्चा तुकडा कडू लागला तर तो थुंकून द्यावा आणि पूर्ण फळ टाकून द्यावे.

परदेशातील मराठी घरांत हीच भाजी बटरनट किंवा काबोचा भोपळ्याची होते. बटरनट आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीतला आहे, पण त्याच्यात पाणी थोडे कमी, सुमारे ८६ टक्के, आणि साखर-पिष्ट अधिक असते. काबोचा दुसऱ्या जातीचा आणि रताळ्यासारखा पिठूळ असतो. दोघांनाही स्वतःच्या पाण्यात शिजणे अवघड जाते, तेव्हा ताटातले गरम पाणी अर्धी वाटी आत घालावे, गूळ नेहमीपेक्षा कमी घ्यावा आणि चिंच थोडी वाढवावी. पण तीही फोड सुरीने सहज कापली जाऊ लागल्यावरच.